शेवटचं स्टेशन : जामनेर

मुलांनो, 'पीजे' म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? पांचट विनोद! वर्गात कुणी पीजे मारला की सगळे कपाळावर हात मारून घेतात. पण पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेर या भागातल्या कुणा आजोबांसमोर 'पीजे' हा शब्द काढून बघा. ते हसणार नाहीत. खुर्ची पुढे सरकवून बसतील आणि म्हणतील, "आमच्या पीजेची गोष्ट विचारतोस का बाळ? मग बैस जरा."

कारण जळगाव जिल्ह्यात पीजे म्हणजे 'पाचोरा–जामनेर'. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी आगगाडी. १९१८ आणि १९१९ या दोन वर्षांत हा ५६ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. तेव्हापासून शंभर वर्षं ही गाडी धावली. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत देशातल्या सगळ्याच प्रवासी गाड्या थांबल्या, तशी तीही थांबली. मोठ्या गाड्या हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. पीजे मात्र सुरू झालीच नाही. आणि जामनेर हे तिचं शेवटचं स्टेशन गाडीवाचून राहिलं.

आज आपण या शेवटच्या स्टेशनाची गोष्ट ऐकू या. शेवटच्या स्टेशनाला 'टर्मिनस' म्हणतात. ते इतर स्टेशनांपेक्षा वेगळं का असतं, तिथं इंजिनाची कशी पंचाईत होते, आणि गाडी गेल्यावर अशा स्टेशनाचं काय करायचं, हे सगळं पाहू. शेवटचा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला तुमचीही मदत लागणार आहे.

चला, फैजपूरहून निघू या

नकाशा उघडा. जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये यावल तालुक्यातलं फैजपूर सापडेल. फैजपुरात आगगाडी येत नाही. इथल्या लोकांचं जवळचं स्टेशन म्हणजे सावदा, भुसावळ–खंडवा मार्गावरचं. याच स्टेशनावरून केळीच्या गाड्या भरभरून दिल्लीकडे जात आल्या आहेत.

या भागाला आगगाडीचा केवढा आधार होता, हे समजायला एक जुनी गोष्ट ऐका. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोवरची सगळी अधिवेशनं शहरांत भरलेली. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. महात्मा गांधी आले होते. इथल्या तयारीचा भार धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उचलला होता. फैजपूरच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, तेच हे धनाजी नाना. अधिवेशनासाठी 'टिळकनगर' नावाचं एक अख्खं गाव उभं राहिलं. ते सजवायला शांतिनिकेतनाहून थोर चित्रकार नंदलाल बोस आले. त्यांनी सिमेंट नाही मागितलं, लोखंड नाही मागितलं. बांबू, चटया, गवत असं जे इथं सहज मिळतं, त्यातूनच कमानी आणि मंडप उभे केले.

आता विचार करा. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं या खेड्यात यायची कशी? मुंबईहून, दिल्लीहून, कलकत्त्याहून आगगाडीनं यायचं, सावद्यासारख्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढं बैलगाडी, मोटार नाहीतर आपले दोन पाय. रूळ जवळून गेले होते म्हणून खेड्यातल्या अधिवेशनाचा विचार तरी करता आला.

अधिवेशन संपलं, बांबूचं टिळकनगर उतरवलं गेलं. ते चार दिवसांसाठीच बांधलेलं होतं. स्टेशन मात्र माणूस 'कायमचं' म्हणून बांधतो. पण कायमची बांधलेली गोष्टही एक दिवस बिनकामाची होते. तेव्हा काय करायचं? हा प्रश्न मनात ठेवा आणि चला जामनेरला.

फैजपूरहून जामनेर तसं काही दूर नाही. पण आगगाडीनं जायचं ठरवलं, तर आधी सावद्याहून भुसावळ. भुसावळहून जळगाव, आणि मग पाचोरा. तिथं मोठी गाडी सोडायची आणि छोटीत बसायचं. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा ही स्टेशनं घेत शेवटी जामनेर. भुसावळ ते जामनेर हा रुळांचा फेरा साधारण सव्वाशे किलोमीटरचा होतो. आणि सडकेनं? त्याच्या निम्म्याहूनही कमी! हे गणित ध्यानात ठेवा. पुढं पीजेचं काय झालं, त्याचं एक कारण या गणितात दडलेलं आहे.

कपाशीनं आणलेली गाडी

भारतातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ती चालवणारी कंपनी होती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या कंपनीनं घाट फोडून रूळ खानदेशात आणले. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावं मुंबईला जोडली गेली. १८७० मध्ये तर मुंबई ते कलकत्ता हा सगळा रस्ता रुळांनी जोडला गेला.

कंपनीला खानदेशात एवढा रस कशाला? उत्तर आहे कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. खानदेश आणि वऱ्हाडातल्या कपाशीला एकदम सोन्याचा भाव आला. गावोगाव जीन आणि प्रेस निघाले. जीनमध्ये कपाशीतून सरकी वेगळी होते, आणि प्रेसमध्ये रुई दाबून तिच्या गाठी बांधतात.

पण मुख्य मार्ग सगळ्या गावांना थोडाच शिवणार! जामनेर, शेंदुर्णी, पहूर ही कपाशीची गावं बाजूला राहिली. तिथून कपाशी बैलगाडीनं स्टेशनाला न्यायची म्हणजे दिवस मोडायचा. पावसाळ्यात तर काळ्या मातीच्या चिखलात चाकं आरीपर्यंत रुतायची. तेव्हा ठरलं की मुख्य मार्गावरच्या पाचोऱ्याहून एक फाटा काढायचा, पण स्वस्तातला.

स्वस्तातला म्हणजे छोट्या रुळांचा! तुमच्याजवळची फूटपट्टी घ्या. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर असतं साडेपाच फूटपट्ट्या, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. पीजेच्या रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूटपट्ट्या, म्हणजे ७६२ मिलिमीटर. निम्म्याहूनही कमी! रूळ अरुंद असले की पूल छोटे चालतात, इंजिन हलकं चालतं, वळणं लहान घेता येतात. टेकडी आडवी आली तर ती न फोडता वळसा घालून जाता येतं. जमीनही कमी लागते.

अडीच फुटी गाडी उत्तम चालू शकते, हे दाखवून दिलं होतं आपल्याच महाराष्ट्रातल्या बार्शी लाइट रेल्वेनं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये ही गाडी सुरू केली. त्यानं एक साधा नियम केला. इंजिन असो वा डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही. भार असा वाटला गेला की हलके रूळही पुरतात. पुढे कितीतरी छोट्या मार्गांनी हाच धडा गिरवला.

पीजे बांधली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनीनं आणि ती चालवायची जी.आय.पी. विदर्भातली मूर्तिजापूरची प्रसिद्ध 'शकुंतला' गाडी याच कंपनीची. म्हणजे शकुंतला आणि पीजे या बहिणी बहिणीच म्हणा ना! दोघींच्या रुळांची रुंदी एकच, आणि दोघींचा जन्म कपाशीसाठीच.

मग अरुंद रुळांत तोटा काय? एस.टी.त उभं राहून कधी प्रवास केला आहे? पाय एकमेकांना चिकटवून उभे राहा. गाडी वळली की तुम्ही पडलातच! पाय फाकवून उभे राहा, तोल सांभाळता येतो. छोट्या गाडीचे पाय जवळजवळ असतात. म्हणून तिला जोरात पळता येत नाही. ५६ किलोमीटरला पीजे दोनेक तास घ्यायची. तरी घाई कुणाला होती? वाटेत शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं मंदिर. कार्तिकात तिथला रथ निघतो. पुढं वाघूर नदीकाठचं पहूर. अजिंठ्याची लेणी पाहायला जाणाऱ्यांना हे जवळचं स्टेशन होतं. आणि शेवटी कांग नदीकाठचं जामनेर.

टर्मिनस कसं ओळखायचं?

आता आपण जामनेरच्या नावानं टर्मिनसचा अभ्यास करू या.

भुसावळचं स्टेशन डोळ्यांसमोर आणा. गाडी एका बाजूनं येते, थांबते आणि दुसऱ्या बाजूनं निघून जाते. रूळ इकडूनही जातात आणि तिकडूनही. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायचं तर पूल चढायचा, नाहीतर भुयारी वाटेनं जायचं.

आता मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आठवा. तुमचे आई-बाबा अजूनही त्याला व्ही.टी. म्हणत असतील. तिथं लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरलात की इंजिनाच्या दिशेनं सरळ चालत जायचं. रूळ संपतात, आणि समोर मोठं दालन लागतं. एकही पायरी न चढता तुम्ही कुठल्याही फलाटावर जाऊ शकता, कारण रुळांना वळसा घालून जाता येतं! इमारत रुळांच्या तोंडाशी आडवी उभी असते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञानं आखलेली ही इमारत १८७८ मध्ये बांधायला घेतली. दहा वर्षं काम चाललं. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. नीट पाहिलंत तर तिचा आकारच सांगतो, "गाडी इथं संपली, शहर इथं सुरू झालं."

खेड्यातल्या टर्मिनसला एवढा थाट कुठला! तिथं स्टेशनाची छोटी इमारत बहुधा रुळांच्या बाजूलाच बांधत, इतर स्टेशनांसारखी. त्यातही शहाणपण आहे. उद्या मार्ग पुढं न्यायचा झाला, तर इमारत आडवी यायला नको!

मग असं छोटं टर्मिनस ओळखायचं कसं? या पाच खुणा बघा.

पहिली खूण अर्थात रूळ संपतात ती जागा. तिथं लाकडाचा किंवा लोखंडाचा भक्कम अडसर असतो. तोही नसला तर मातीचा ढिगारा. गाडी चुकून पुढं गेलीच, तर तिला रोखायला.

दुसरी खूण म्हणजे बाजूचा रूळ. यातच इंजिनाची गंमत आहे. गाडी टर्मिनसला येते तेव्हा इंजिन पुढं असतं. समोर अडसर, मागं डबे. इंजिन अडकलं! परत जायचं तर ते डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जायला हवं. मग काय करतात? साखळी सोडवून इंजिन थोडं पुढं नेतात. सांधेवाला सांधा बदलतो. इंजिन बाजूच्या रुळावर जातं, डब्यांच्या शेजारून मागं मागं येतं, पुन्हा सांधा ओलांडून मूळ रुळावर येतं आणि डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. आता शेवटचा डबा पहिला झाला! कागदावर दोन रूळ काढून काड्यापेटीच्या खोक्यांनी हा खेळ करून पाहा. किती वेळा सांधा बदलावा लागतो, मोजा.

तिसरी खूण पाण्याची. वाफेच्या इंजिनाला तहान फार. कोळसा जळतो तो पाण्याची वाफ करायला. म्हणून जुन्या टर्मिनसवर विहीर, टाकी आणि इंजिनात पाणी सोडायचा उंच नळ असे. पुढे डिझेलची इंजिनं आली आणि हे नळ कोरडे पडले.

चौथी खूण मालधक्का. स्टेशनाची इमारत छोटी आणि मालधक्का मोठा, असं दिसलं की समजा, ही गाडी माणसांआधी मालासाठी आली होती. मालधक्क्याचा ओटा वाघिणीच्या दारापर्यंत उंच असतो. एका बाजूला बैलगाडी लागते, दुसऱ्या बाजूला वाघीण. मधून गाठी नुसत्या ढकलत न्यायच्या. उचलायचे कष्ट वाचतात. मालडब्याला वाघीण का म्हणतात, असं विचाराल. वाघाशी तिचा काही संबंध नाही. इंग्रजीतला 'वॅगन' आपल्या माणसांच्या तोंडी येऊन वाघीण झाला!

पाचवी खूण माणसांची. गाडी रात्री मुक्कामाला राहिली, तर ड्रायव्हर, गार्ड, फायरमन झोपणार कुठं? म्हणून शेवटच्या स्टेशनाजवळ त्यांच्या मुक्कामाची खोली असे, आणि स्टेशनमास्तर, सांधेवाले, गँगमन यांच्यासाठी चाळी. त्यांची मुलं गावातल्याच शाळेत जायची. एखाद्याच्या बापाची बदली झाली की वर्गातला एक मित्र कमी व्हायचा.

इमारतीकडेही जरा नीट पाहायला शिका. आपल्याकडच्या जुन्या स्टेशनांच्या भिंती जाड असतात, काही ठिकाणी काळ्या दगडाच्या. खानदेशातला उन्हाळा तुम्हांला माहीत आहेच. जाड भिंतीतून ऊन आत यायला संध्याकाळ होते. छत उंच असतं, म्हणजे गरम हवा वर चढते आणि वरच्या झडपांतून बाहेर जाते. फलाटाच्या बाजूला पडवी असते, म्हणजे उन्हापावसात उभं राहायला सावली. पंखे नव्हते त्या काळात हीच 'कूलर'ची व्यवस्था! आणि तिकीट खिडकी एवढीशी का? गर्दीत एका वेळी एकच हात आत जावा म्हणून.

गाडी का थांबली?

पीजेला मारलं कुणी? कुण्या एकाचं नाव घेता येत नाही.

पहिलं कारण रुळांच्या रुंदीचं. जी गोष्ट मार्ग बांधताना फायद्याची होती, तीच पुढं जड झाली. छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही. म्हणून जामनेरहून आलेली प्रत्येक गाठ पाचोऱ्याला उतरवायची आणि मोठ्या वाघिणीत भरायची. दुहेरी हमाली, दुहेरी वेळ. पुढं ट्रक आले. ट्रक थेट जीनच्या दारात उभा राहतो आणि थेट गिरणीच्या दारात जातो. माल गाडीला सोडून गेला.

दुसरं कारण सडकेचं. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यानंतर एस.टी. खेडोपाडी पोचली. आपण मघाशी केलेलं गणित आठवा. जामनेरच्या माणसाला जळगाव-भुसावळला जायचं तर तो पाचोऱ्याचा वळसा कशाला घेईल?

तरीही पीजे २०२० पर्यंत चालली. का? कारण तिचं तिकीट स्वस्त होतं. खिशात थोडे पैसे असलेला विद्यार्थी, बाजाराला निघालेली आजी, रोजावर जाणारा मजूर यांना एस.टी.पेक्षा पीजे परवडायची. वाटेतल्या खेड्यांची तर ती घरचीच गाडी. म्हणून ती बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू करा, असं म्हणत लोक एकत्र आले, निवेदनं दिली, आंदोलनं केली. फायद्या-तोट्याच्या वहीत ज्यांची नोंद फार लहान असते, त्यांचं नुकसान सगळ्यांत मोठं होतं, हे त्यावरून लक्षात येतं.

टर्मिनस दोन तऱ्हांनी संपतं

आता एक गंमत सांगतो. टर्मिनस दोन तऱ्हांनी संपतं. एक, गाडी यायचीच बंद होते. दोन, गाडी तिथं न थांबता पुढं जाऊ लागते!

पहिल्या तऱ्हेची गोष्ट मुंबईची. चर्चगेटच्याही पुढं, कुलाब्याला पूर्वी एक टर्मिनस होतं. १९३० च्या डिसेंबरात मुंबई सेंट्रल सुरू झालं आणि वर्षअखेरीला कुलाबा बंद झालं. आज त्या जागी बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगूनही खरं वाटत नाही की इथं कधी आगगाडी यायची. तसंच बॅलार्ड पिअरचं. बोटीतून उतरलेल्या साहेबांना थेट गाडीत बसता यावं म्हणून बंदरातच स्टेशन होतं. आपल्या भुसावळवरून जाणारी पंजाब मेल १९१२ मध्ये प्रथम तिथूनच सुटायची. आज ते स्टेशन नाही, पंजाब मेल मात्र अजून धावते.

दुसऱ्या तऱ्हेची गोष्ट धुळ्याची होईल. चाळीसगाव–धुळे मार्ग १९०० सालचा. तेव्हापासून धुळे हे शेवटचं स्टेशन. पण सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर या नव्या मार्गाला केंद्र सरकारनं मंजुरी दिली, आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. तो झाला की धुळे टर्मिनस राहणार नाही. पण त्याचं कुणाला दुःख होईल? धुळेकर तर पेढे वाटतील!

जामनेरच्या वाट्याला दोन्ही तऱ्हा आल्या आहेत. आधी गाडी बंद पडली. आता पाचोरा–जामनेर मार्ग मोठ्या रुळांचा करून तो पुढं न्यायचा, असं रेल्वेनं ठरवलं आहे. मूळ योजनेत तो बोदवडला जाऊन भुसावळ–नागपूर मार्गाला मिळतो. तसं झालं की जामनेरची कपाशी, केळी, मका वाटेत न उतरता, न चढता देशात कुठंही जाऊ शकेल. जामनेरची मुलं एकाच गाडीत बसून दूरच्या गावी शिकायला जातील. ही मोठीच गोष्ट आहे.

पण मग जुन्या स्टेशनाचं काय? जुने रूळ, जुने डबे, मालधक्का, चाळी यांचं काय?

याबद्दल दोन मतं ऐकू येतात, आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. काही जण म्हणतात, "जुनं जाऊ द्या. आम्हांला स्मारक नको, गाडी हवी. शंभर वर्षं आम्ही हळू चाललो, आता पोरांना तरी वेगानं जाऊ द्या." काही जण म्हणतात, "गाडी हवीच. पण एकदा पाडलेलं पुन्हा उभं करता येत नाही. निदान एक इंजिन, दोन डबे आणि एखादी इमारत ठेवा. नाहीतर पुढच्या पिढीला पीजे म्हणजे फक्त पांचट विनोदच वाटेल."

जगात इतर ठिकाणी काय केलं ते पाहा. पॅरिस शहरात ओर्से नावाचं एक देखणं टर्मिनस १९०० साली बांधलं. चाळीस वर्षांच्या आतच गाड्या लांब झाल्या आणि फलाट तोकडे पडले! लांब पल्ल्याच्या गाड्या तिथं यायच्या बंद झाल्या. पुढं ते पाडून टाकायचंही घाटत होतं. पण ते वाचलं, आणि १९८६ मध्ये तिथं चित्रांचं संग्रहालय सुरू झालं. आज जगभरातून लोक ते पाहायला येतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचं १८३० सालचं टर्मिनस गाड्या बंद झाल्यावर असंच संग्रहालयासाठी राखलं गेलं.

"ते पॅरिस, हे जामनेर," असं कुणी म्हणेल. मग आपलं नागपूर घ्या. तिथं मोतीबाग इथं छोट्या रुळांच्या गाड्यांचं संग्रहालय २००२ मध्ये उघडलं. जुनी इंजिनं, डबे, कंदील, घंटा मुलं डोळे भरून पाहतात. संग्रहालय म्हणजे संगमरवरी महालच लागतो असं नाही. मालधक्क्याच्या एका शेडमध्ये वाचनालय निघू शकतं. स्टेशनमास्तरच्या खोलीत गावाच्या इतिहासाचे फोटो लागू शकतात. त्यासाठी नवी गाडी अडवावी लागत नाही. फक्त पाडायच्या आधी कुणीतरी विचारावं लागतं, "यातलं काय ठेवायचं?"

तुम्ही काय कराल?

इमारत ठेवायची की नाही, हे मोठी माणसं ठरवतील. पण तिची आठवण ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. सुटीत ही चार कामं करा. जामनेर-पाचोऱ्याच्या मुलांनी तर करावीतच. तुमच्या गावी पीजे नसेल, तर जवळच्या कुठल्याही जुन्या स्टेशनाची, बंद जीनची किंवा जुन्या मोटर स्टँडची करा.

१. घराच्या अंगणात खडूनं दोन समांतर रेषा काढा, अडीच फुटांच्या अंतरावर. त्यांच्या बाहेर साडेपाच फुटांच्या दोन. छोटी गाडी आणि मोठी गाडी यांच्यातला फरक डोळ्यांना दिसेल.

२. आजी-आजोबांना पाच प्रश्न विचारा. पहिल्यांदा गाडीत कधी बसलात? कशासाठी? तिकीट किती होतं? बरोबर काय सामान होतं? गाडी चुकली तेव्हा काय केलंत? त्यांच्या शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. दुरुस्त करू नका. वर तारीख आणि गावाचं नाव घाला. आई-बाबांनो, यात तुम्ही मुलांना मदत करा. तुमच्याकडे जुनं पुठ्ठ्याचं तिकीट किंवा एखादा फोटो असेल, तर तोही वहीत लावा.

३. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन स्टेशनाच्या बाहेरून इमारतीचं चित्र काढा. दारं किती, खिडक्या किती, छत कौलारू की पत्र्याचं, पडवी कुठल्या दिशेला, हे लिहा. स्टेशनाच्या नावाची पाटी असेल तर ती नीट वाचा. तिच्यावर दोन लिप्या असतात, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीही असते. दोन स्टेशनांची उंची मिळाली, तर गाडी किती चढली तेही काढता येईल. रुळांवर किंवा पडक्या इमारतीत मात्र मुळीच जायचं नाही. गाडी बंद आहे म्हणून तिथं धोका नाही, असं समजू नका. साप, विंचू आणि ढासळत्या भिंती यांना टाळेबंदी नसते.

४. ही वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. बाईंना किंवा सरांना सांगून तिच्यावर नंबर घालून घ्या, म्हणजे ती हरवणार नाही.

आता एक कोडं. पाचोऱ्याहून निघालेल्या गाडीत इंजिन सर्वांत पुढं आणि गार्डचा डबा सर्वांत मागं होता. जामनेरला इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं. परत निघताना गार्डचा डबा तसाच राहिला, तर तो इंजिनाला चिकटून पुढं येईल. पण गार्डसाहेबांना तर शेवटीच बसायचं आहे! जास्तीचा एकच बाजूचा रूळ असताना गार्डचा डबा मागच्या टोकाला कसा न्याल? काड्यापेट्या घ्या आणि करून पाहा. जामनेरच्या सांधेवाल्यांना असल्या कोड्यांची उत्तरं कागदावर नाही, रुळांवर काढावी लागायची, आणि तीही गाडीच्या वेळेत!